पुलापलीकडची वेळ आणि फोनवरचं बारसं

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांबच्या गावात होती आणि मुलींना तिकडे पाठवत नसत. वाचायची सवय राहिली. लिहायची मात्र अधूनमधून पत्रापुरतीच. अमेरिकेहून परत आल्यावर आळीतल्या बायका विचारतात, "कसं हाय गं तिकडं?" चारचौघींत बसून बोलायला मला सुचत नाही. मी "बरं हाय" म्हणते आणि चहा ठेवायला उठते. म्हणून जे सांगायचं राहून गेलं, ते इथं लिहून काढते आहे. फार काही नाही, एका प्रवासाचंच आहे.

शुगर लँड

माझी मुलगी मनीषा टेक्सासमध्ये शुगर लँड नावाच्या गावात राहते. तिथं पूर्वी साखरेचा कारखाना होता म्हणे. आता उसाचं एक कांडं दिसत नाही. सगळीकडे कापलेलं गवत आणि एकसारखी घरं. आमच्याकडे चारी बाजूंनी ऊस आहे आणि गावाच्या नावात साखरेचा पत्ता नाही. उकाडा मात्र आपल्यापेक्षा वाईट. सकाळी दार उघडलं की कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते.

तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. दुपारचं जेवण झालं, भांडी आवरली, म्हणून भावाला फोन लावला. सुभाष घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आक्का, काय झालं? कोण आजारी हाय का?" त्याच्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती. त्यानंतर जावई अमोल यांनी मला युक्ती शिकवली. "आई, इथले जेवढे वाजलेत त्यातून दीड तास कमी करायचा आणि दिवस असेल तर रात्र समजायची, रात्र असेल तर दिवस." तरी माझा गोंधळ होई. मग मनीषानं स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं, आपल्याकडच्या वेळेचं. मी भाकरी थापताना तिकडे बघून म्हणायची, आता सुभाष धारेला बसला असेल.

मी तिथं असतानाच सुभाषला मुलगा झाला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, लोकांचं बोलणं ऐकून झालं होतं. मी त्याची एकुलती एक सख्खी बहीण. म्हणजे बाळाची सख्खी आत्या मी एकटीच. आमच्याकडे बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं. पाळण्यात वाकून कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं, आणि ती वाकलेली असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. मी परत येईपर्यंत थांबू या असं सुभाष म्हणत होता. पण थोरल्या काकींनी बारसं लांबवायचं नाही म्हणून सांगितलं.

मनीषा म्हणाली, "त्यात काय आई, व्हिडिओ कॉल करायचा. मामा फोन बाळाच्या कानाला लावतील."

गावाकडे संध्याकाळी सहाची वेळ धरली. काकींचा निरोप असा होता: दिवस मावळायच्या आत नाव ठेवायचं. आक्काचा फोन वेळेवर आला तर तिनं ठेवावं, नाही आला तर शोभानं. शोभा आमची चुलत बहीण, गावातच असते, बोलायला पटाईत. तिनं मला फोन केला.

"आक्का, काळजी करू नगंस. तुला न्हाईच जमलं तर मी हाय की. मीबी आत्याच. नाव काय ठरवलंयस तेवढं सांगून ठेव."

"ते कानातच सांगायचं असतं," मी म्हणाले.

"र वरनं आलंय म्हणं. विमलला रेयांश आवडतंय बघ."

विमल म्हणजे सुभाषची बायको. नाव माझं ठरलं होतं आणि मनीषालाही मी ते सांगितलं नव्हतं. त्यामागं काही मोठी गोष्ट नाही, मला ते नाव आवडत होतं एवढंच. पण सगळ्या भावकीसमोर फोनवर तोंड दाखवायचं म्हटलं की नको वाटायचं, आणि आपल्याऐवजी शोभा वाकेल म्हटलं की त्याहून नको वाटायचं.

त्यातच आमच्या फिरायला जायच्या तिकिटांचे दिवस आधीच ठरलेले. बारशाच्या वेळी आम्ही ॲरिझोनात असणार होतो. "तिथला टाइम वेगळा आहे, पण मी बघतो. डोन्ट वरी, आई," अमोलराव म्हणाले.

मोठी दरी

विमानातून फिनिक्सला उतरलो तेव्हा फोनवरचं घड्याळ दोन तास मागे गेलं होतं. एवढ्या वेळात आम्ही जे जगलो ते कुठं गेलं, असं नात ईरानं इंग्रजीत विचारलं. तिचा बाप बॅगा उतरवायला पुढे गेला.

गाडीत मनीषानं समजावलं. अमेरिकेत उन्हाळ्याच्या आधी सगळे लोक आपापली घड्याळं तासभर पुढे करतात, आणि थंडी आली की मागे घेतात.

"सगळा देश?"

"ॲरिझोना सोडून. इथले लोक करत नाहीत."

"का गं?"

अमोलराव हसले. "आई, बाहेर हात काढून बघा. या उन्हात आणखी एक तास उजेड कुणाला हवाय?"

मी काच खाली केली आणि लगेच वर केली. पटलं.

आमच्या घरी घड्याळाला हात लागतो तो सेल संपल्यावर. सरकारनं सांगितलं म्हणून काटा पुढे सरकवायचा, ही गोष्ट मला फार दिवस गमतीची वाटत राहिली. जनावरांना कसं सांगत असतील? म्हैस तासभर आधी पान्हा सोडते का?

जिच्यासाठी ॲरिझोनात आलो होतो ती मोठी दरी बघितली. तिचं वर्णन मला जमणार नाही. कठड्याशी उभी राहिले आणि खाली बघून घेरी आल्यासारखं झालं, म्हणून मागे येऊन दगडावर बसले. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला. तेवढ्यात एक गलेलठ्ठ खार आली आणि लाडू हातातून ओढून घेऊन गेली. शेजारी पाटी होती, खारींना खायला घालू नये. ईरा ओरडली, "आजी! दॅट्स अगेन्स्ट द रूल्स!"

"अगं, मी कुठं दिला? तिनं नेला."

दोनचार गोरी माणसं बघून हसली. मी पदर डोक्यावर घेऊन गाडीत जाऊन बसले.

नवाहो मुलूख

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेला निघालो. कुठं कमान नाही, नाका नाही, तरी एका ठिकाणी फोन आपोआप एक तास पुढे गेला. अमोलराव म्हणाले की आता नवाहो लोकांचा मुलूख लागला. हे इथले मूळचे लोक. त्यांची जमीन ॲरिझोनाच्या बाहेरही पसरलेली आहे. सगळ्या मुलखाला एकच वेळ असावी म्हणून ते उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात. म्हणजे ॲरिझोनाच्या पोटात राहून ॲरिझोनाची वेळ पाळत नाहीत.

तिथं लाल मातीच्या मैदानात डोंगराएवढे खांब उभे आहेत. कुणी मांडून ठेवल्यासारखे, एकमेकांपासून लांब लांब. दाखवायला आलेली बाई माझ्याच वयाची होती. बर्था तिचं नाव. केसांचा घट्ट बुचडा, गळ्यात निळ्या खड्यांची माळ, पायांत मातीनं माखलेले बूट. ती उघडी जीप इतक्या जोरात हाकायची की माझ्या केसांत, कानांत, दातांत लाल धूळ गेली. दुपारी तिच्या बहिणीच्या झोपडीवजा दुकानात जेवलो. तेलात तळलेली, फुगलेली मोठी पोळी, आणि मटणाचा पातळ रस्सा. तिखट अजिबात नाही. मी पिशवीतली लसणाची चटणी काढली. बर्थानं बोट लावून बघितली आणि डोळ्यांत पाणी आल्यावर आणखी मागितली. निळ्या मक्याची पेजही होती. तिची चव मला आमच्या आंबिलीजवळची वाटली, आंबटपणा सोडून.

मी बोलत नव्हते, पण मनीषानं तिला बारशाचं सांगितलं. बर्था म्हणाली की त्यांच्यात बाळाच्या पहिल्या हसण्याचा सोहळा असतो. बाळ ज्याच्यामुळे पहिल्यांदा हसेल त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि बाळाच्या हातून पाहुण्यांना मीठ द्यायचं.

"मग सगळेजण बाळाला हसवायला धडपडत असतील," मनीषानं विचारलं.

"छे!" बर्था म्हणाली. "हुशार माणसं बाळाकडे बघताना तोंड वाकडं करतात. मेंढी कोण कापणार?"

मनीषानं ते मला मराठीत सांगेपर्यंत बर्था माझ्याकडेच बघत होती, मी कधी हसते ते बघायला. मी हसले.

त्या संध्याकाळी मुक्कामी अमोलरावांनी फोन काढला, दोन्हीकडचे वाजलेले बघितले आणि मला सांगितलं, "घरी संध्याकाळचे सहा म्हणजे इथं सकाळचे साडेसहा. परवा सकाळी सहाचा गजर. झालं."

"नक्की ना?"

"नक्की, आई."

पूल

त्यापुढचा दिवस गाडीतच गेला. दुपार कलल्यावर कोलोरॅडो नदी आली. नदी खोल खाली, हिरवट, दोन्ही काठांचे कडे सुरीनं कापल्यासारखे सरळ. वर दोन पूल शेजारी शेजारी, एक गाड्यांचा आणि एक जुना, चालायचा. आम्ही जुन्यावर चालत गेलो. लोखंडी तुळईवर टक्कल असलेली प्रचंड गिधाडं बसली होती आणि त्यांच्या पंखांना नंबर लावलेले होते, आपल्याकडे बैलाच्या कानाला बिल्ला असतो तसे. ही जात संपत आली होती, म्हणून प्रत्येकाची नोंद ठेवतात. मी वाकून नदी बघायचं टाळलं. एकदा घेरी आली ती पुरे.

पूल ओलांडून थोडं पुढे, लाल कड्यांच्या पायथ्याला आमचा मुक्काम होता. बैठ्या खोल्यांची रांग आणि टोकाला एक ऑफिस. खोल्यांत फोनला रेंज नाही. इंटरनेट फक्त ऑफिसात. अमोलरावांनी तिथं स्वतःचा आणि मनीषाचा फोन जोडून घेतला, पण त्यांचं लक्ष फोनकडे नव्हतं. जादा खाट सांगितली होती आणि ती मिळत नव्हती, त्यावरून काउंटरवरच्या पोराशी त्यांचं चाललं होतं. शेवटी ईरा आणि मी एका पलंगावर झोपलो. ती रात्रभर लाथा मारत होती.

सकाळ

मला पहाटे जाग येतेच. पडदा सारला तर उन्हानं कड्याचा वरचा निम्मा भाग लाल झाला होता. मनीषाचा फोन उशाशी होता. त्यात पाच वाजून थोडी मिनिटं झाली होती. आदल्या दिवशी मैदानात या वेळेला अंधार होता. मला नवल वाटलं. मग वाटलं, तिथं समोर खांब होते, म्हणून उजेड उशिरा आला असेल. इथल्या सूर्याचं आपल्याला काय कळतंय. मुलं दमून झोपली होती, त्यांना उठवायला नको वाटलं. मी अंघोळ केली, बारशासाठी आणलेली हिरवी साडी नेसले, कुंकू लावलं आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. मनात नाव घोळवत होते. फोनवर बोलताना माझा आवाज बसतो, तो बसू नये एवढंच मागत होते.

गजर झाला. अमोलराव उठले, तोंड धुतलं. आम्ही सगळे ऑफिसात गेलो. काउंटरवर आता एक नवाहो बाई होती. कॉफीचं भांडं भरत होती. मनीषाच्या फोनला इंटरनेट लागलं आणि तो वाजायलाच लागला. थांबेच ना. सुभाषचे न घेतलेले फोन, एकामागून एक.

मनीषानं स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "अमोल, इंडियात सात वाजायला आलेत. टाइम बघ ना यार!"

"असं कसं? साडेसहाला सहा..."

काउंटरवरच्या बाईला त्यांनी इथं किती वाजले ते विचारलं. ती शांतपणे बोलली आणि मनीषानं मला सांगितलं. पुलाच्या त्या टोकाला नवाहो वेळ, या टोकाला ॲरिझोनाची. आम्ही पूल ओलांडला तेव्हा एक तास मागे आलो होतो. फोन ऑफिसात जोडला तेव्हा त्यानं आपलं घड्याळ गुपचूप बदललं आणि गजरही त्याच्याबरोबर तासभर उशिरा गेला. ती बाई स्वतः पलीकडच्या बाजूला राहते. घरून सहाला निघते आणि सव्वापाचला कामावर पोचते, असं ती म्हणाली. एरवी मी हसले असते.

मनीषानं फोन लावला. सुभाष दिसला, घामाघूम, गळ्यात उपरणं.

"आक्का! कुठं हुतीस गं? किती फोन लावले!"

त्याच्या मागे फुगे लावलेला पाळणा, आणि पाळण्याभोवती बायकाच बायका. त्यांतून शोभा पुढे आली. तिच्या तोंडाला पेढ्याचा चुरा लागलेला होता.

"झालं की गं बारसं! रेयांश ठेवलंय. तुझी लई वाट बघितली, पर दिवस मावळाय लागला. अमेरिकेत घड्याळं न्हाईत व्हय, आत्याबाई?"

सगळ्या हसल्या. विमल हसली नाही, ती बाळाला मांडीवर घेऊन खाली बघत होती.

"सॉरी, आई," अमोलराव हळू म्हणाले. मनीषानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे आई. आपण गेल्यावर छान गिफ्ट देऊ बाळाला."

"बरं झालं" म्हणायला मी तोंड उघडलं. मला तेच म्हणायची सवय आहे. पण ते शब्द आले नाहीत.

"सुभाष," मी म्हणाले, "बाळाला परत पाळण्यात घाल."

थोरल्या काकी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अगं, एकदा ठिवलेलं नाव..."

"काकी, शोभानं ठिवलं ते राहू द्या. दोन नावांची माणसं आपल्यात रगड हायती. पण आत्यानं अजून ठिवलं न्हाई. आत्या जिती हाय, आणि ही तुमच्यासमोर उभी हाय."

माझा आवाज बसला नव्हता. उलट त्या छोट्या ऑफिसात जरा मोठाच झाला. काउंटरवरच्या बाईनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

शोभा म्हणाली, "पर आक्का, वेळ गेल्यावर..."

"गप ए," काकी म्हणाल्या. "जल्मात पहिल्यांदा तोंड उघडलंय तिनं. घाला रं पोराला पाळण्यात."

विमल पटकन उठली. तिनंच बाळाला पाळण्यात ठेवलं आणि सुभाषच्या हातातला फोन घेऊन बाळाच्या कानाशी धरला. मला आता फक्त एक गुलाबी कान आणि टोपडं दिसत होतं. ऑफिसात भिंतीशी फोटोकार्डांची मांडणी होती, तिकडे तोंड करून मी फोनवर वाकले. कुर्र केलं. नाव सांगितलं, अगदी हळू, पुन्हा एकदा आणि पुन्हा एकदा.

"बुक्क्या! बुक्क्या!" तिकडून बायका ओरडायला लागल्या. शोभाचा आवाज सगळ्यांत वर होता. "आगं, हिच्या पाठीत कोण घालणार? माझी तर घालून घालून मोडलीया!"

मनीषानं माझ्याकडे बघितलं. मग ईराकडे. "ईरा, आजीच्या पाठीत मार! जोरात!"

"व्हॉट? मम्मा, नो!"

"मार गं!" मनीषानं स्वतःच सुरुवात केली. मग ईरालाही चेव आला. मुलीचा हात हलका होता, नातीचा चांगलाच लागत होता. वाकलेली हिरव्या साडीतली म्हातारी आणि तिला बुकलणाऱ्या दोघी बघून काउंटरवरची बाई धावत बाहेर आली. "हे! हे!" करत तिनं मनीषाचं मनगट धरून हात अडवला. अमोलराव दोन्ही हात वर करून इंग्रजीत भराभर माफी मागत होते. मी ताठ उभी राहिले, आणि मला इतकं हसू आलं की भिंतीला धरावं लागलं.

मनीषानं तिला सगळं सांगितलं. आत्या, पाळणा, बुक्क्या, पूल, तास. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा सैल झाला. तिनं मला खुर्ची दिली आणि काहीतरी विचारलं.

"बाळाचं नाव काय ठेवलं, विचारतेय," मनीषा म्हणाली आणि थांबली. कारण तिलाही ते माहीत नव्हतं.

साऱ्या प्रवासात मी परक्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. मी त्या बाईकडे बघितलं आणि म्हणाले, "रघुवीर."

तिला नीट कळलं नाही. तिनं कान पुढे केला.

"रघुवीर," मी मोठ्यानं म्हणाले.

"रा-गू-विर," ती म्हणाली.

फोन अजून सुरूच होता. पलीकडे सगळ्यांनी ते ऐकलं. मग सुभाष ते नाव म्हणाला, त्याच्यामागून विमल म्हणाली, आणि पाळण्याभोवतीच्या बायकांनी ते एकदम उचललं.